स्टेशनातली विहीर

चाकूरच्या मेन रोडवर गुरुलिंगप्पांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या तीन मुलींपैकी कॅमेरा हातात धरला तो एकट्या शिवगंगेनं. आधी ती लग्नात बापाच्या मागं लाइटची वायर सांभाळत उभी राहायची. पुढं गुरुलिंगप्पांच्या हाताला कंप सुटला, नवरदेव सोडून मांडवाचा खांबच चित्रात यायला लागला, तेव्हा उदगीरच्या एका लग्नात अक्षता पडायच्या ऐन वेळी तिनं त्यांच्या खांद्यावरून कॅमेरा उतरवून आपल्या खांद्यावर घेतला, तो घेतलाच. बाईमाणूस व्हिडिओ शूटिंग करतं याचं लोकांना पहिली दोन वर्षं नवल वाटलं. नंतर बायकाच म्हणायला लागल्या की ही बरी, ही आत चुलीपर्यंत येते आणि हिच्यासमोर पदर सावरत बसावं लागत नाही.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात लग्नं आटली. पाहुण्यांना प्यायला पाणी कुठून आणायचं या एका प्रश्नावर तिथी पुढं ढकलल्या जात होत्या. शिवगंगा स्टुडिओत बसून लोकांचे पासपोर्ट फोटो काढायची आणि लेन्स पुसायची. अशाच एका दुपारी नांदेडहून मल्लिकार्जुन सरांचा फोन आला.

सर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, बोलायला मऊ. त्यांच्या मुलीच्या लग्नाचं शूटिंग शिवगंगेनं केलं होतं. नांदेडच्या स्टेशनात, तिकीट खिडक्यांच्या वर, भिंतभर स्क्रीन नुकतीच लागली होती. ती एक जाहिरात कंपनी चालवायची. सरांच्या छोट्याशा कलामंडळानं कंपनीकडून दोन महिन्यांसाठी दिवसातून पाच वेळा बारा-बारा मिनिटं मिळवली होती. तिथं जाहिरात नव्हे, चित्र दाखवायचं. हलतं, पण सिनेमासारखी गोष्ट नसलेलं. विषय आपल्या भागातला हवा, एवढीच अट. कुणी कंधारच्या किल्ल्याचं केलं होतं, कुणी गोदावरीच्या घाटाचं. सर म्हणाले, "माझ्या पोरीच्या लग्नात तू बायकांचे नुसते हात चार मिनिटं दाखवले होतेस, पुऱ्या लाटतानाचे. नातेवाईक हसले. मी मात्र ते अजून बघतो. तसं काहीतरी कर."

काय करावं हे शिवगंगेला आठ दिवस सुचलं नाही. मग ती मुखेडजवळ तांबुळवाडीला आत्याकडे गेली, सिद्धम्माकडे, आणि तिथं तिला ते सापडलं.

तांबुळवाडीची विहीर आठ परस, म्हणजे आठ पुरुष उंचीएवढी खोल. तिसऱ्या दिवशी टँकर यायचा आणि विहिरीत पाणी ओतायचा, ते तासाभरात संपायचं. मधले दोन दिवस तळाच्या झऱ्याला जेवढं सुटेल तेवढं. बायका पहाटेपासून काठावर बसायच्या. एकीनं दोर सोडायचा, बाकीच्यांनी वाकून बघायचं. दोर धरणारीला खालचं दिसत नाही, म्हणून ती विचारायची, "लागलं का?" आणि बघणाऱ्या सांगायच्या, "न्हाई अजून. सोड."

शिवगंगेनं हे दोन दिवस वरून बघितलं. तिसऱ्या दिवशी टँकर यायच्या आधी ती म्हणाली, मला खाली उतरू द्या. आत्यानं आधी नाही म्हटलं, मग स्वतःच तिच्या कमरेला दोर बांधला. भिंतीतले दगड धरत शिवगंगा तळाला पोचली. तिथं चिखलाचा गार वास होता आणि झऱ्याच्या खळग्यात वाटीभर पाणी. तिनं मान वर केली. आभाळ भाकरीएवढं दिसत होतं आणि त्याच्या कडेनं बायकांची डोकी. त्या सगळ्या तिच्याकडे बघत होत्या, म्हणजे तिच्याकडे नाही, पाण्याकडे. पण तळाला जो असेल त्याला वाटावं, ह्या माझ्याकडेच मागायल्यात.

तिनं कॅमेरा पॉलिथिनमध्ये गुंडाळून एका सपाट दगडावर आभाळाकडे तोंड करून ठेवला, सुरू केला आणि वर आली. दोन तास तो तिथंच राहिला. पहिला अर्धा तास बायका लाजून वाकत होत्या. नंतर विसरल्या.

चित्र बघितल्यावर तिला कळलं की आपल्या हाती काय लागलंय. सगळ्यात चांगला तुकडा लक्ष्मम्माचा होता. लक्ष्मम्मा चाळिशीची, सातवी शिकलेली, तोंडाची फटकळ. ती काठावरून इतकी वाकली होती की तिचं मंगळसूत्र लोंबकळत चित्रात आलं होतं. बराच वेळ तिनं खाली टक लावली आणि मग विहिरीला, एखाद्या नखरेल जावेला म्हणावं तसं म्हणाली, "दे की गं. किती अंत बघतीस."

शिवगंगेनं काठावरच सगळ्यांना आपल्या छोट्या लॅपटॉपवर चित्र दाखवलं आणि विचारलं, हे नांदेडच्या स्टेशनात लावू का. बायका कुजबुजल्या, हसल्या. सिद्धम्मा म्हणाली, लाव. बाकीच्याही हो म्हणाल्या. लक्ष्मम्मा एकटी गप्प होती. मग ती शिवगंगेला बाजूला घेऊन म्हणाली, "पोरीचं जमवायलोय. बिनपाण्याचं गाव म्हणून आधीच कोण येईना. माझं तोंड नगं त्यात."

शिवगंगेनं वाद घातला नाही. लक्ष्मम्माचा तुकडा काढला, दुसरी बारा मिनिटं निवडली, सुरुवातीला गावाचं नाव टाकलं आणि चित्र सरांकडे दिलं.

पहिल्या दिवशी ती नांदेडला स्टेशनात जाऊन उभी राहिली. लग्नाची कॅसेट लोक आपलीच माणसं शोधत बघतात. इथं कुणाला काय पडलंय. साबणाची जाहिरात संपली. भिंत काळी झाली आणि मधोमध आभाळाचा गोल उघडला. रांगेतली माणसं सवयीनं वर बघत होती, ती बघतच राहिली. भिंतीवरून अकरा बायका त्यांच्याकडे वाकून बघत होत्या. मग पोहरा सुटला. तो दोराला हेलकावत, भिंतीला ठणठण आपटत खाली येऊ लागला, मोठा होत होत सबंध भिंत व्यापून गेला आणि पुढच्या रांगेतले लोक खरोखरच एक पाऊल मागं सरकले. "लागलं का?" असा आवाज हॉलभर घुमला.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एक हमाल डोक्यावरची बॅग न उतरवता शेवटपर्यंत थांबला आणि ज्याची बॅग होती तोही त्याला चल म्हणाला नाही. गुरुद्वाऱ्याला आलेल्या एका म्हाताऱ्या सरदारजींनी आपली पाण्याची बाटली न बोलता भिंतीकडे उंच धरली, मग लाजून खाली घेतली. शिवगंगा एका खांबाआड जाऊन रडली आणि पुढच्या बसनं चाकूरला आली.

दहा-बारा दिवस ते चित्र चाललं. लोक मोबाइलवर त्याचं चित्र काढून एकमेकांना पाठवू लागले. मग कंपनीच्या मॅनेजरनं, बिराजदारांनी, तिला बोलावून घेतलं.

बिराजदार माणूस गोड होता. चहा मागवला, कामाची तारीफ केली. मग विषयावर आले. त्या दिवसांत सगळीकडे नव्या जिल्ह्याची हवा होती. जिल्हा झाला की दवाखाना होईल, जिल्हा झाला की तलाव होईल, असं जो तो सांगत होता. महिनाअखेरीला नवा जिल्हा कृती समितीची नांदेडला मोठी सभा होती आणि पुढारी मंडळी रेल्वेनंच उतरणार होती. स्क्रीनवर त्यांच्या स्वागताची जाहिरात होती. तिच्या आधी आणि नंतर हे चित्र बरं दिसत नाही, असं बिराजदारांचं म्हणणं. त्यांनी मार्गही सुचवला. शेवटी अर्धं मिनिट जोडायचं: टँकर येतो, बायका हसत घागरी भरतात, वर अक्षरं, 'नवा जिल्हा, नवी पहाट'. आणि सभेचं सगळं शूटिंग शिवगंगेनंच करायचं.

त्या उन्हाळ्यात असं काम कुणाला नको होतं? शिवगंगेला गुरुलिंगप्पांचं औषध आठवलं, स्टुडिओचं भाडं आठवलं. ती म्हणाली, "विहिरीत पाणी दाखवायचं असेल तर आधी विहिरीत पाणी सोडा. ज्या दिवशी सोडाल त्या दिवशी मी येऊन फुकट शूटिंग करते. नसलेलं पाणी मी दाखवणार नाही."

बिराजदार म्हणाले, विचार करा. ती म्हणाली, झाला विचार.

पुढच्या आठवड्यात सरांचा फोन आला. आवाज आणखीच मऊ झाला होता. चित्र बंद केलं होतं. तांबुळवाडीहून लेखी तक्रार आली होती की गावच्या आयाबहिणींना न विचारता त्यांचं चित्रण केलं, त्यांची आणि गावाची बदनामी झाली. करारात तसं कलम होतंच: चित्रातल्या माणसांची हरकत आली तर दाखवणं थांबवावं. सर म्हणाले, जाऊ दे, पंधरा दिवस तरी लागलं ना.

शिवगंगेला बंद झाल्याचं तेवढं वाटलं नाही. 'न विचारता' हा शब्द मात्र तिच्या जिवाला लागला. विचारलं तर होतं. पण बायका आत्याच्या भिडेनं हो म्हणाल्या असतील तर? लॅपटॉपवरचं वीतभर चित्र आणि भिंतभर चित्र यातला फरक त्यांना कुठं दाखवला होता? दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसनं मुखेडला आणि तिथून तांबुळवाडीला गेली आणि काठावर बसलेल्या बायकांपुढं हात जोडून म्हणाली की माझं चुकलं असेल तर तोंडावर सांगा.

बायकांना काही पत्ताच नव्हता. सरांनी पाठवलेला तक्रारीचा कागद तिनं मोबाइलवर दाखवला, लक्ष्मम्मानं मोठ्यानं वाचला. 'समस्त महिलांच्या वतीने' असं वर लिहिलं होतं आणि खाली सही उपसरपंच नागप्पाची. नागप्पा समितीचा तालुक्याचा चिटणीस. पुढारी गाडीतून उतरले आणि भिंतीवर आपल्याच गावाचं नाव बघितलं तर काय, ही त्याची काळजी.

सिद्धम्मानं अर्ध्यात आलेला दोर तसाच धरून ठेवला होता.

"आमच्या वतीनं," ती म्हणाली. "पाण्याला कधी आमच्या वतीनं आला न्हाई ह्यो."

मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या. जायचं ठरलं. कोण कोण, यावर दुपार गेली. कुणाला सासूनं सोडलं नाही, कुणाचं लेकरू तापलेलं. शेवटी दुसऱ्या दिवशीसाठी सात जणी तयार झाल्या. लक्ष्मम्मा त्यांत असेल असं शिवगंगेला वाटलंच नव्हतं. ती संध्याकाळी आत्याकडे आली, आणि बसायच्या आधी म्हणाली, "माझा तुकडा हाय का तुझ्याकडं अजून?"

शिवगंगा म्हणाली, आहे.

"मग टाक तो बी. तोंड लपवून काय पाणी लागलं का? मी गप बसले म्हणून नागप्पाला वाटलं, समद्याच गप बसतील."

पोरीचं काय, असं शिवगंगेनं विचारलं. लक्ष्मम्मा म्हणाली, पोरगी माझी आहे, बघते मी. त्या रात्री आत्याच्या ओसरीवर शिवगंगेनं लॅपटॉप उघडला आणि दुसरी चार मिनिटं काढून लक्ष्मम्माची चार मिनिटं परत आपल्या जागी बसवली.

सकाळी सात जणींनी ठेवणीतली लुगडी नेसली. मुखेड ते नांदेड एसटीत उभं राहूनच यावं लागलं. स्टेशनात शिवगंगेनं सगळ्यांची प्लॅटफॉर्म तिकिटं काढली, कारण कुणी हटकायला नको. मल्लिकार्जुन सर आधीच येऊन थांबले होते, हातात फाइल, कपाळावर घाम. बिराजदारांची खोली वरच्या मजल्यावर होती. सात बायका त्या खोलीत मावेनात, म्हणून तेच खाली हॉलमध्ये आले. त्यांनी विचारलं, तुम्ही कोण.

सिद्धम्मानं बोट वर केलं. "त्या भिंतीवर लावत व्हता, त्याच आमी."

लक्ष्मम्मानं कागद काढला. रात्री तिनंच लिहिला होता, वहीच्या पानावर, तिरक्या ओळींत. चित्र आम्हाला विचारून काढलं आहे, आमची काही हरकत नाही, नागप्पाला आमच्या नावानं लिहायचा अधिकार आम्ही दिलेला नाही. खाली पाच सह्या आणि दोन अंगठे. बिराजदारांनी कागद वाचला, घडी घातली आणि म्हणाले की वरिष्ठांकडे पाठवतो, दोन-चार दिवसांत कळवतो. सात जणींनी एकमेकींकडे बघितलं आणि तिकीट खिडक्यांच्या बाजूला, रांगेला अडचण होणार नाही अशा बेतानं, भिंतीला पाठ लावून खाली बसल्या.

गर्दी जमायला वेळ लागला नाही. एका पोलिसानं येऊन चौकशी केली. त्यांनी तिकिटं दाखवली. तो हमाल कुठूनसा आला, त्यानं सिद्धम्माच्या तोंडाकडे निरखून बघितलं आणि लोकांना सांगायला लागला की ह्याच त्या, विहिरीवरच्या. मग ज्यांनी चित्र बघितलं होतं ते न बघितलेल्यांना सांगू लागले. पोलिसानंही सगळं ऐकून घेतलं आणि बिराजदारांना म्हणाला, "बारा मिनिटांचं तर हाय. लावा की."

बिराजदार करार, नियम असं काही बोलू लागले. तेव्हा मल्लिकार्जुन सर पुढं झाले. शिवगंगेनं त्यांचा चढा आवाज कधी ऐकला नव्हता. सरांनी फाइल उघडली आणि मागच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जावं अशा वर्गातल्या आवाजात करार वाचला. हरकत चित्रातल्या माणसांची हवी, उपसरपंचाची नव्हे. ती नसेल तर ठरल्या मुदतीपर्यंत चित्र दाखवणं कंपनीवर बंधनकारक. चित्रात बदल करायचा हक्क फक्त कलाकाराला. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून पुसला. ते जागचे हलले नाहीत.

बिराजदारांनी दोन फोन केले. कुणाशी काय बोलले ते कळलं नाही. शेवटी त्यांनी शिवगंगेकडे हात पुढं केला आणि तिनं पेनड्राइव्ह त्यांच्या तळव्यावर ठेवला.

पाच वाजून दहा मिनिटांनी भिंत काळी झाली आणि आभाळ उघडलं. खाली बसलेल्या सात जणी उठून उभ्या राहिल्या. आपण एवढ्या मोठ्या असू, असं त्यांना वाटलं नव्हतं. एकीनं नकळत पदर सारखा केला. पोहरा आला, भिंतभर झाला, गेला. मग लक्ष्मम्मा वाकली. मंगळसूत्र लोंबकळलं. ती इतक्या वरून, इतका वेळ बघत राहिली की रांगेतली माणसं चुळबुळायला लागली, खिडकीच्या आतला माणूसही बाहेर डोकावला.

"दे की गं," ती भिंतीवरून म्हणाली. "किती अंत बघतीस."

हॉलमध्ये कुठंतरी एक बाई फसकन हसली आणि तिनं लगेच तोंडावर हात घेतला. शिवगंगेनं खरी लक्ष्मम्मा शोधली. ती मान ताठ करून आपल्याच डोळ्याला डोळा भिडवून उभी होती. लोक तिला ओळखू लागले तेव्हाही तिनं तोंड फिरवलं नाही.

त्यानंतर ते चित्र मुदत संपेपर्यंत चाललं. सभेच्या दिवशीही चाललं. पुढारी उतरले, हार पडले, त्यांतल्या एकानं वर बघून शेजारच्याला काही विचारलं आणि ताफा बाहेर गेला. त्या सभेचं शूटिंग दुसऱ्या कुणीतरी केलं. मुदत संपल्यावर कंपनीनं कलामंडळाचा करार वाढवला नाही. कंधारहून लक्ष्मम्माच्या पोरीला बघायला येणारे पाहुणे आलेच नाहीत. तसा निरोपही धाडला नाही. लक्ष्मम्मा म्हणाली, कोरड्या विहिरीला भ्यालेली माणसं माझ्या पोरीला काय सांभाळणार होती. म्हणाली खरं, पण दोन दिवस ती जेवली नाही, हे शिवगंगेला आत्यानं सांगितलं.

आणि टँकर थांबला. तिसऱ्या दिवशी आला नाही, चौथ्या दिवशी नाही, पाचव्या दिवशीही नाही. नागप्पा चावडीवर म्हणाला, जा आता नांदेडला, तिथल्या विहिरीतून आणा.

सहाव्या दिवशी आत्याचा फोन आला तेव्हा शिवगंगा एका मुलीचा पासपोर्ट फोटो काढत होती. तो काढून झाल्यावर तिनं स्टुडिओ बंद केला, कॅमेरा खांद्याला लावला आणि मुखेड गाठलं. तहसील कचेरीच्या पायऱ्यांवर ठेवणीतली लुगडी नेसलेल्या बायका बसल्या होत्या. या वेळी सात नव्हत्या, एकोणीस होत्या. सासूनं न सोडलेली होती आणि तिची सासूही होती. त्यांना टँकरच्या फेऱ्यांचं वेळापत्रक लेखी हवं होतं, गावाच्या नावानं नव्हे तर पाणी भरणाऱ्या बायकांच्या नावानं.

आतून कारकून आला. त्यानं सगळ्यांवरून नजर फिरवली, कॅमेऱ्यावर जरा थांबला आणि विचारलं, "तुमच्यासोबत कोण आलंय?"

त्याला पुरुषमाणूस कोण आहे असं विचारायचं होतं. ते सगळ्यांना कळलं.

"कोण न्हाई," लक्ष्मम्मा उठत म्हणाली. "आमीच आलाव. साहेबाला सांगा."